पुतण्याच्या गाडीबाजारातली पांढरी पिकअप

नाना, मी पिकअप घेतली. नवी नाही, वापरलेली. पांढरी, डाव्या दाराला पोचा असलेली. धुळ्याच्या बाहेर हायवेला लागून तुमच्या पुतण्याचा गाडीबाजार आहे, तिथून घेतली. तो तुम्ही पाहिलेला नाही. तुम्ही गेलात तेव्हा तो, आमचा दादा, बैलांचीच दलाली करत होता, तुमचा रुमाल खांद्यावर टाकून. आता बाजारात बैल येतात मूठभर, म्हणून तो गाड्यांत शिरला. धंदा तोच, फक्त जनावर बदललं. तुम्हाला आनंद व्हावा म्हणून मी हे सांगत नाहीये. ज्याला तुम्ही सगळं शिकवलंत त्याच्या दारात जाऊन, जिला तुम्ही बाजारात तोंड उघडू दिलं नाही तिनं तोंड उघडलं. हे तुम्हाला कळावं आणि झोंबावं, म्हणून लिहितेय. नऊ वर्षं झाली तुम्हाला जाऊन. इतक्या वर्षांत मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. तुमच्या फोटोला हार घालतानासुद्धा मी फ्रेमच्या खिळ्याकडे बघते.

गाडी कशाला लागली तेही सांगते, कारण तुम्ही आधी तेच विचारलं असतंत. नरडाण्याच्या पुढे आईच्या नावावरच्या तुकड्यात मी रोपवाटिका घातली आहे. मिरची, पपई, टोमॅटो. हिरव्या जाळीखाली ट्रेमध्ये रोपं वाढवायची आणि शेतकऱ्याच्या बांधावर नेऊन द्यायची. साक्रीकडून मागणी येते, चाळीसगावकडून येते. रोपांना वजन नसतं, पण हेलकावा सोसत नाही. शिवाय लावणीच्या दिवशी पाणी हाताशी नसलं तर रोप दुपारपर्यंत मान टाकतं, म्हणून मी मागे दोनचाकी ट्रॉली जोडून पाण्याची टाकी आणि फवारणीचा पंपही नेते. ट्रॉलीचे कागद मी रीतसर करून घेतले आहेत, आर.टी.ओ.त तीन वेळा गेले, कारण दुसऱ्या वेळी दिलेल्या कागदावर सही जरा फिकी उठली होती आणि मला झोप येईना. आजवर भाड्याची गाडी सांगत होते. भाड्याचा ड्रायव्हर खड्डा चुकवत नाही, आणि रोपं मेली की शेतकरी माझ्याकडे बघतो. म्हणून स्वतःची गाडी हवी होती. फार मोठी नको, अगदी छोटीही नको. हौद्यात ट्रे रचायचे लोखंडी घोडे उभे राहावेत आणि पाठीमागे भरलेली टाकी ओढताना चढावर तिनं धाप टाकू नये, एवढंच.

गाडी कशी पारखायची हे मला कुणी शिकवलं नव्हतं. बैल कसा पारखायचा हे शिकवलं होतं, तुम्हीच. शाळेत जायच्या आधी मी अंक शिकले ते बैलांच्या दातांवर. ओसरीवर तुम्ही मला मांडीवर घ्यायचा आणि विचारायचा, दूधदात म्हणजे? आदत. दोन आले की? दुसा. चार आले की? चौसा. आणि सगळे आले की? जुळला. शाळेत बाईंनी पाढे विचारले तेव्हा चाराच्या पाढ्यापाशी मी मनात बैल उभे केले होते. खूर दाबून कसा बघायचा, शेपटी उचलल्यावर बैल कुठे बघतो, शिंगाला तेल चोळलेलं असेल तर मुळाशी हाताला काय लागतं, सगळं मी तुमच्या बोटाला धरून शिकले. ओढीचा बैल घ्यायचा असला की भरल्या गाडीच्या दोन्ही चाकांना साखळी बांधायची, चाकं फिरूच द्यायची नाहीत, आणि मग बैलाला ओढायला लावायचं. खोटा बैल तिथं उघडा पडतो. तुम्ही म्हणायचा, बैल डोळ्यांनी नाही, साखळीनं घ्यायचा. मी हे इतक्या वेळा ऐकलं आहे की अजूनही चहाचा कप घेताना आधी कान धरून ओढून बघते.

मी अकरा वर्षांची होते तेव्हाचा तो बाजार. तुम्ही मला घेऊन चालला आहात आणि मी तुमच्या धोतराचा सोगा धरला आहे. कुणीतरी ओळखीचा माणूस हसून विचारतो, "भाऊ, आंडेरले कसाले लई उना बजारमा?" मुलीला बाजारात कशाला आणलंस, असं. आणि तुम्ही मान ताठ करून सांगता, "ती मनी वही शे. बठ्ठा बैलस्ना दात तिना डोकामा शेतस." सगळ्या बैलांचे दात माझ्या डोक्यात. त्या दिवशी सकाळी माझ्याएवढं सुखी कुणी नव्हतं. मग त्या तांबड्या बैलापाशी आपण आलो. विकणारा तुमचा माणूस होता, घेणारा लांबून आलेला, सरळ चेहऱ्याचा. मी सवयीनं वाकून बैलाचे पुढचे गुडघे चाचपले आणि माझ्या बोटाला गेरू लागला. गुडघ्यावरचे केस गेलेले होते आणि त्यावर गेरू चोळला होता. ओझं आलं की जुवाखाली बसकण मारणाऱ्या बैलाचे गुडघे असे होतात, हे तुम्हीच सांगितलं होतं. मला वाटलं, तुमच्या लक्षात आलं नाही. तुमची अब्रू जाईल या भीतीनं मी मोठ्यानं म्हणाले, "नाना, हाऊ बैल बसका शे. गुडघाले गेरू लायेल शे."

तुम्ही मारलंत. कानाच्या वर, उघड्या हातानं. आणि म्हणालात, "तोंड मिट. बजारमा आंडेरना तोंडले इचारस कोन?" भोवतीचे लोक हसले. घेणारा माणूस हसला नाही, तो माझ्या बोटाकडे बघत होता. पण तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "मना शब्द शे." त्यानं बैल घेतला. परतताना तुम्ही मला गोडीशेव घेऊन दिलीत, कागदात, हवी तेवढी. मी ती खाल्ली. तुम्हाला वाटलं विषय मिटला. मला मात्र इतकी वर्षं त्या शेवेची लाज वाटते, थपडेपेक्षा जास्त. पंधरा दिवसांत तो माणूस आपल्या अंगणात उभा राहिला. बैल ऐन कोळपणीत कपाशीच्या ओळीत बसला होता, उठवता उठत नव्हता. तो ओरडला नाही. म्हणाला, "पोर खरं बोलनी होती, भाऊ." तुम्ही सुपारी कातरत होता. मान वर न करता म्हणालात, "पारखीसनी लिन्हा ना तुम्हीन?" पारखूनच घेतलात ना, असं. आणि मला म्हणालात, पाहुण्यांना पाणी आण. मी पाणी दिलं. त्यानं तांब्या परत देताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. तुम्ही ते पाहिलंत की नाही, मला माहीत नाही.

त्यानंतर तुम्ही मला बाजारात नेलं नाहीत. दादाला न्यायला लागलात. तो ओसरीवर बसायचा आणि मी आतून भाकऱ्या थापता थापता ऐकायची. तो दुसा-चौसात गोंधळायचा आणि तुम्ही हसून म्हणायचा, येईल, येईल. मला चूक माफ नव्हती, आणि मी तर चूकही केली नव्हती. शेवटी अर्धांगानं तुमची वाचा गेली. दोन महिने मी तुम्हाला पेज भरवली, अंग पुसलं, कूस बदलली. तुम्ही डोळ्यांनी दार बघायचा. दादा आला की डोळे निवायचे. खुंटीवरचा रुमाल तुम्ही बोटानं दाखवलात आणि मग त्याच्याकडे दाखवलंत. तो रुमाल, ज्याच्याखाली हात घालून तुम्ही आयुष्यभर सौदे केलेत. मी तो खुंटीवरून काढला, धुतला, वाळवला, घडी घातली आणि माझ्या हातानं त्याला दिला. हे मी विसरलेले नाही. विसरायचा प्रयत्नही केलेला नाही.

तर गाडी. सुरुवातीला मी दादाकडे जायचं ठरवलं नव्हतं, खरंच. वहीत सदतीस प्रश्न लिहून काढले होते आणि ती वही घेऊन मी जळगावला गेले. तिथली पिकअप केळी वाहून थकलेली होती. हौद्याचा पत्रा चिकानं काळा पडला होता, आणि रबरी चटई उचलली तर खाली पत्र्याची चाळण. विकणारा सभ्य होता. माझे सहा प्रश्न ऐकून म्हणाला, "ताई, तुम्ही असं करा, घरातलं कुणी घेऊन या." मी विचारलं, "कुणी म्हणजे?" तर म्हणाला, "म्हणजे ज्यांना यातलं कळतं असं." मी त्याला चटईखालचं भोक दाखवलं आणि बोट आरपार घातलं. तो म्हणाला, "पाणी निघून जायला बरं." मग चाळीसगावला एक पाहिली. गाडी छान होती, मालक छान होता, त्याच्या बायकोनं पोहे केले. पण चेसिसवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर यांत एका आकड्याचा फरक निघाला. मालक म्हणाला, लिहिणाऱ्याची चूक असेल. असेलही. मी स्टेशनवर बसून अर्धा तास विचार केला, परत जाऊन पुन्हा नंबर वाचला, आणि मग नाही म्हणून आले. घरी येताना रेल्वेत माझ्या मनात आलं की आता दादाकडेच जायचं. गाडी घेण्यासाठी, असं मी आईला सांगितलं. मला त्याच्या बाजारात, त्याच्या गिऱ्हाइकांसमोर, त्याच्या गाडीची खोड मोठ्यानं सांगायची होती. तुम्ही नाही तर तुमचा रुमाल ऐकेल, इतकं वेडं माझ्या मनात होतं.

फोनवर मी दादाला बजावलं होतं, मी येईपर्यंत कुठलीही गाडी सुरू करू नकोस, थंड इंजिन कसं सुरू होतं ते बघायचं आहे. पोचले तेव्हा निळी पिकअप पुढेच धुऊनपुसून उभी. मी बॉनेटवर उलटा हात ठेवला. कोमट.

"दादा, हिला आधी चालू केली होतीस."

"आरे बाई, निजेल नवरदेव कोनी दखाडस का?" टपरीपाशी त्याच्याबरोबर चहा पिणारे तिघे-चौघे हसले. मलाही हसू आलं असतं, दुसरं कुणी म्हणालं असतं तर.

मी गाडी सुरू करायला लावली, ऑइल टाकायचं झाकण उघडलं, धुराचा भपका येतो का पाहिला, आला, थोडा. गाडीखाली गेले. चेसिसला नवा काळा रंग. मागच्या स्प्रिंगच्या कमानीला एक पाटा जास्तीचा घातलेला, म्हणजे हिनं झेपतं त्याच्या वर ओझं ओढलं आहे. पण हे सगळं सांगता येतं आणि त्यावर उत्तरही देता येतं. मी बाहेर आले, कपडे झटकले, भाड्याच्या गाडीमागे ओढून आणलेली माझी ट्रॉली दाखवली आणि म्हणाले, "ती ट्रॉली जोड. टाकी भर. आणि दोन्ही चाकांना साखळी बांध."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग एकजण म्हणाला, "बाई, हाऊ बैलबजार नही शे!" दुसरा म्हणाला, "आते पेंडबी चारा तिले." हशा झाला. दादा मात्र हसला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला आणि त्याला तुम्ही दिसलात हे मला दिसलं. नाही म्हणता येईना, कारण नाही म्हणणं म्हणजे खोड कबूल करणंच. त्यानं साखळी मागवली.

मुरमाच्या जमिनीवर चाकं बांधलेली ट्रॉली, पाचशे लिटरची टाकी काठोकाठ. धडधाकट गाडी फरफटत का होईना, ओढून नेते. दादानं पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. इंजिन गुरगुरलं, मग ओरडायला लागलं, आणि गाडी जागच्या जागी. थोड्या वेळानं क्लचप्लेट जळाल्याचा वास आला, उग्र, भाजलेल्या केसांसारखा. हसणारे चहाचे कप ठेवून उठले. बाजारात दुसरी गिऱ्हाइकंही होती, तीही जवळ आली. मी मोठ्यानं, अगदी त्या दिवशीच्या आवाजात म्हणाले, "दादा, ही गाडी बसकी आहे."

आणि माझी मान आखडली, नाना. एकोणतीस वर्षांची बाई मी, पण डावा कान खांद्याकडे आपोआप गेला. थप्पड आली नाही. दादानं चावी काढली, खाली उतरला आणि म्हणाला, "बरं." इतकंच. जिंकल्यावर काय करायचं हे मी ठरवलेलं नव्हतं. मी वही उघडून उगाच प्रश्न क्रमांक एकोणीसवर बरोबरची खूण केली.

इथवरचं तुम्हाला झोंबलं असेल तर बरं. पुढचं मला झोंबतं. कोपऱ्यात बाभळीखाली ती पांढरी उभी होती. धूळ बसलेली, दाराला पोचा, आणि बॉनेटवर हात ठेवून एक म्हातारा उभा. साक्रीच्या पलीकडच्या डोंगरातला. बायको जवळच पाय पसरून बसलेली, मांडीवर भाकरीचं फडकं. त्यानं साखळीचा सगळा प्रकार पाहिला होता. तो म्हणाला की तिघे भाऊ मिळून गाडी घेताहेत, नागली आणि कांदा बाजाराला न्यायला. हिच्यासाठी तो दोनदा एस.टी.नं येऊन गेला आहे, आज होकार द्यायला आला आहे. मग हात जोडल्यासारखे करून म्हणाला, "ताई, तुमले समजस. हाई कशी शे, सांगा बरं."

मी बघितली. बॉनेट गार. पहिल्या चावीला सुरू झाली, मागे धूर नाही. झाकण उघडं ठेवलं तरी आतून भपका नाही. चेसिसला कंपनीचाच रंग, कुठे जोड नाही. पाटे मूळचे, टायर चारही सारखे झिजलेले. थोडी पुढेमागे घेतली, मागच्या धुऱ्याचा आवाज नाही. गाडीखाली मी पाठीवर निजले होते आणि वर बघत होते, आणि मला कळलं की जळगावपासून मी जी शोधतेय ती हीच, आणि मी जरा उशिरा आले आहे. मी तिथे गरजेपेक्षा जास्त वेळ पडून राहिले. मागच्या बाजूला ट्रॉलीचा हुक जिथे बसवतात तिथे बोट फिरवलं. मग बाहेर आले, हात पुसले, तिच्याकडे पाहिलं आणि जिभेनं "च्" केलं. म्हणाले, "तुमची मर्जी, बाबा."

हे कुणाचं आहे ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्या माणसाला एखादा बैल हवा असला आणि दुसरं गिऱ्हाईक त्यावर हात ठेवून असलं, की तुम्ही जवळ जायचा, खुरापाशी थांबायचा, च् करायचा आणि म्हणायचा, घ्या, तुमची मर्जी. खोटं एक अक्षर बोलायचा नाहीत. आपल्याकडे पारख्याचा शब्द पडला की बैल त्या दिवशी उभा राहतो, कुणी घेत नाही. मी ओसरीच्या आतून ऐकलं होतं, तुम्ही दादाला हे समजावताना. मला कधी शिकवलं नव्हतंत. तरी ते मला आलं, पहिल्या चावीला सुरू झालेल्या गाडीसारखं.

म्हाताऱ्याचा हात बॉनेटवरून उचलला गेला. तो बायकोकडे बघून म्हणाला, "चाल." तिनं फडकं गुंडाळलं. जाताना त्यानं माझा नंबर मागितला, दुसरी गाडी कळली तर सांगा म्हणाला. मी दिला. नंबर चुकीचा पडू नये म्हणून दोनदा म्हणून दाखवला. ते हायवे ओलांडून गेल्यावर दादा जवळ आला, हळू आवाजात म्हणाला, "काका आजून मरेल नहीत, बाई." आणि हसला. पहिल्यांदाच माझ्याकडे तो बरोबरीच्या नजरेनं पाहत होता. मग खांद्यावरचा रुमाल काढून त्यानं स्वतःच्या हातावर टाकला आणि हात पुढे केला. त्या रुमालाखाली बाईचा हात कधी गेला नव्हता. मी घातला. बोटं दाबून सौदा झाला, वर एक शब्द नाही, आणि मला वाटलं तुमच्या छातीवर पाय ठेवून उभी आहे.

गाडी उत्तम आहे. साक्रीच्या चढावर भरलेली टाकी घेऊन गेले, तिनं धाप टाकली नाही. एक रोप आडवं झालं नाही. दर वेळी मला वाटतं, आज काहीतरी निघेल. मी मेकॅनिककडे नेली, दोन वेगवेगळ्या मेकॅनिककडे, आणि दोघांनाही म्हटलं, नीट बघा, हिच्यात काहीतरी असणार. दुसरा वैतागला. म्हणाला, "ताई, खोड शोधायला आलात की गाडी दाखवायला?" खोड निघाली असती तर मी खोटी ठरले नसते. पण निघाली नाही.

तीन आठवड्यांनी म्हाताऱ्याचा फोन आला. म्हणाला, "ताई, तुम्हीन वाचाडं आमले." वाचवलंत आम्हाला, असं. आता चाळीसगावात एक गाडी आहे, तुम्ही बघून दिलीत तरच घेऊ. मी हो म्हणाले. सगळी वही घेऊन गेले, एका दिवसात तीन गाड्या पाहिल्या, तिसरीला साखळी लावून ओढून घेतली. चांगली निघाली. पांढरीइतकी नाही, हे मी त्याला सांगितलं नाही, पण चांगली. त्याची बायको सोबत आली होती. तिनं गाडीला हळद-कुंकू लावलं आणि मग मला थांबवून पदर पसरायला लावला. खण, नारळ, मूठभर तांदूळ. म्हणाली, "आमनी आंडेर नही, तू शे." मी वाकून नमस्कार केला. सांगायला तोंड उघडलं होतं. त्या वेळी कुणी मला मारलं नसतं, नाना. तरी मी मिटलं. म्हाताऱ्यानं गावात सांगितलं आहे, आता लोक फोन करतात, ताई, गाडी पारखून द्या. मी जाते. खरं तेच सांगते. एकाही गाडीपाशी पुन्हा च् केलेलं नाही. वहीत तशी नोंद ठेवत नाही, पण मला पाठ आहे.

तुम्हाला माफ करायला मी हे लिहिलेलं नाही. तुम्ही त्या तांबड्या बैलाच्या धन्याला फसवलंत आणि खरं बोलल्याबद्दल मला मारलंत, हे माझ्या हातून काहीही घडलं तरी तसंच राहणार आहे. मी म्हाताऱ्याला फसवलं म्हणून तुम्ही थोडेही बरे होत नाही. हे पत्र टपालात जाणार नाही, आणि आईला मी वाचून दाखवणार नाही. उद्या साक्रीला मिरचीची रोपं द्यायची आहेत, पहाटे ट्रे चढवायचे आहेत, तेव्हा आता पुरे करते.

एक राहिलं. म्हाताऱ्याचा हात बॉनेटवरून उचलला गेला, तेव्हा मला वाईट वाटलं नाही. वाईट नंतर वाटलं. त्या क्षणी मी चहाच्या टपरीकडे, उभ्या माणसांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. तुम्ही पाहिलंत का, हे मी बघत होते.